पुलगावचा चहा

१

शुक्रवारी सकाळी, महाडला निघायच्या आदल्या दिवशी, बाबारावांच्या अंगणातल्या गाडीखालून अमर बाहेर आला तो तोंड पाडूनच. हात झटकत ओसरीवरच्या बाबारावांकडे बघून तो म्हणाला, "साहेब, स्टेपनी नाई."

ओसरीवर मंत्रिमंडळ बसलं होतं. हा शब्द कोकिळाबाईंचा. बाबारावांची ही धाकटी बहीण आर्वीच्या एस.टी. स्टँडवर वाहतूक नियंत्रक होती. उभा जन्म गाड्या लावण्यात आणि सोडण्यात गेला, आता निवृत्त. रोज गावोगावची माणसं चर्चेशिवाय रवाना करणाऱ्या या बाईला भावाच्या घरातलं प्लॅनिंग बघून मळमळायला लागलं होतं. प्रवास दोन दिवसांचा आणि तयारी उन्हाळ्यापासूनची. त्यासाठी 'मिशन महाड' नावाचा ग्रुप काढला होता. त्यावर रोज सकाळी मार्ग ठरे आणि रोज संध्याकाळी मोडे. कुठं जेवायचं, खिडकीशी कोण बसायचं, कोणत्या पंपावर लघवीला उतरायचं, सगळ्याचा ठराव. लघवी ठरावानं होत नाही, हे शाळाखात्यातल्या निवृत्त केंद्रप्रमुखाला, बाबारावांना, कोण सांगणार?

प्रवास होता तो म्हातारीसाठी. तानाबाई, म्हणजे बाबाराव आणि कोकिळाबाईंची माय, ऐंशीला टेकलेली. नागपूरला दीक्षाभूमीवर ती दरवर्षी जाई, पण महाडचं तळं तिनं पाहिलं नव्हतं. ते पाहायचं होतं. गावाहून, म्हणजे रोहण्याहून, पुलगाव, देवळी, यवतमाळ, नांदेड, लातूर करत सोलापूरला मुक्काम. दुसऱ्या दिवशी सातारा आणि घाट उतरून महाड. अख्खा महाराष्ट्र आडवा कापायचा.

"नाई म्हणजे?" प्रफुल्ल उठला. बाबारावांचा हा मुलगा नागपूरला मॅनेजर होता. कशाचा, ते त्यालाच ठाऊक. गाडी त्याची, पण तिकडे उभी करायला जागा नाही म्हणून ती बापाच्या अंगणात राही आणि अमर ती चालवी. "स्टेपनीले काय पाय फुटले? चाबी कोनापाशी असते?"

"माह्यापाशी एक. अन् साहेबापाशी एक."

"म्हणजे तुह्यापाशी."

बाबारावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा चढवला. विहार समितीचे अध्यक्ष, तालुक्यात प्रबोधनाची भाषणं देणारे, घरातही सभेत असल्यासारखे बसणारे. ते खाली बघत पुटपुटले, "चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय."

अमर पुन्हा एकदा गाडीखाली वाकून आला.

"चार वाजेपर्यंत स्टेपनी जागेवर पाह्यजे," प्रफुल्ल म्हणाला, "नाईतर मी ठाण्यात चाललो."

धमकी साधी नव्हती. अमर हा पुनाजी मडावीचा पोरगा, गावाबाहेरच्या गोंडांच्या वस्तीतला. पुलगावच्या डेपोत ड्रायव्हर म्हणून त्याची निवड झाली होती. राहिली होती फक्त पोलिसांची चारित्र्य-पडताळणी, आणि तो कागद त्याच ठाण्याच्या टेबलावर पडला होता. त्याच टेबलावर चोरीची तक्रार गेली की नोकरी संपली. हे ओसरीवरच्या प्रत्येकाला माहीत होतं आणि एकानंही तोंड उघडलं नाही.

कोकिळाबाईंनी अडकित्ता खाली ठेवला. "चार वाजेपर्यंत ना? मंग तोवर कोनी घराबाहेर पाय टाकायचा नाई. तूबी नाई, दादा."

२

गाडीमागे त्या स्वतः उकिडव्या बसल्या आणि वाकून पाहिलं. या गाडीची स्टेपनी मागच्या बाजूला खाली, साखळीला लटकवलेली असते. दांडा घालून फिरवला की साखळी सैल होते आणि चाक जमिनीवर येतं. चाक नव्हतं, पण साखळी नीट वर गुंडाळलेली होती.

"हे तू गुंडाळलं?"

"नाई आत्या. मी हातच नाई लावला."

म्हणजे नेणाऱ्यानं चाक काढलं आणि वर साखळीही गुंडाळली. चोर असली निगुती करत नाही. तो चाक उचलतो आणि पळतो. साखळी गुंडाळतो कोण? ज्याला पुढे तीच गाडी रस्त्यावरून हाकायची आहे आणि मागे खडखडाट नको आहे, तो.

"शेवटची कवा पाह्यली?"

"सोमवारी. गाडी धुतली तवा होती. बुधवारी साहेब गाडी घेऊन पुलगावले गेलते. हवा भरून आणतो म्हणे. मी म्हटलं, मी नेतो, तुमी काऊन तरास घेता? तर अंगावर आले. काल प्रफुलभाऊ आले अन् सांजच्याले आर्वीले घेऊन गेले."

"हवा भरायले पुलगाव? आपल्या फाट्यावर पंक्चरवाला मेला का?"

"तेच तर." अमरनं मान खाजवली. "अन् आज पाह्यलं तर चारी चाकात हवा कमी. सोमवारी होती तेवढीच. म्हणून म्हटलं, एवढ्या लांब जायचं, आजी बसनार, स्टेपनीत तरी हवा आहे का पाहू."

कोकिळाबाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. यानं चाक विकलं असतं, तर यानंच कशाला बोंब मारली असती? पंक्चर होईपर्यंत स्टेपनीकडे कोणी ढुंकून पाहत नाही. गप्प बसला असता तर प्रकरण पार नांदेडला उघडं पडलं असतं, नाहीतर कधीच नाही. एवढी साधी गोष्ट ओसरीवरच्या शिकलेल्या डोक्यांत शिरली नव्हती. किंवा शिरवून घ्यायची नव्हती. गरिबावर आळ घ्यायला अक्कल लागत नाही आणि त्यात वेळही वाचतो.

"आत्या," अमर म्हणाला, "मायले सांगू नका. तिनं नोकरीचं साऱ्या वस्तीत सांगून ठेवलं."

पण प्रफुल्लचा आवाज सकाळीच कुंपण ओलांडून गेला होता. फाटकाशी शकुबाई उभी होती, शेतातून तशीच आलेली, पदर कमरेला खोचलेला.

"माह्या पोराले चोर कोन म्हणते? बोला न. मले तोंडावर सांगा."

३

ओसरीवर प्रफुल्ल मोबाइलमध्ये शिरला, बाबाराव पेपरमध्ये. कोकिळाबाईंनीच शकुबाईला हात धरून सावलीत बसवलं, पाणी दिलं आणि म्हटलं, "चारपर्यंत थांब, बाई. मी आहो."

मग त्यांनी प्रफुल्लला मागच्या परसात बोलावलं. त्याच्यावर संशय यायला जागा होतीच. त्याला समृद्धी महामार्गानं जायचं होतं. बापानं तो मार्ग हाणून पाडला, म्हणून तो ग्रुपवर रोज तोंड वाकडं करून बसलेला. काल गाडीही त्याच्याकडे होती. आणि स्टेपनी हरवली की प्रवास बारगळणार.

"आत्या, तू माह्यावर डाऊट घेऊन राह्यली?" प्रफुल्ल चिडला. "मी आर्वीले चिवडा अन् चार्जर आणायले गेलतो. गाडीखाली वाकायचं मले काय काम?"

हे मात्र कोकिळाबाईंना पटलं. प्रफुल्ल स्वतःच्या बुटाची नाडी बांधायलाही वाकत नसे. त्याची बायको नाडीचे बूटच आणत नसे.

"अन् मले ट्रिप कॅन्सल करायची असती, तर मी नवी स्टेपनी घ्याले काऊन निंघालो असतो? सकाळीच पप्पाले म्हटलं, चला, आर्वीतून नवी आणू. तर तेच म्हणे, राहू दे. उद्या पुलगावले चहाले थांबनारच आहो, तिथं पाहू."

"दादा म्हणाला? राहू दे?"

"हो न."

कोकिळाबाई थबकल्या. ज्या माणसानं दोन बॅटऱ्या, तीन छत्र्या आणि कवळीसाठी जादा डबी सामानात घातली, त्याला स्टेपनीशिवाय दारातून निघायची घाई?

स्वयंपाकघरात सरितावहिनी, बाबारावांची बायको, तिखटाच्या पुऱ्या तळत होती. तिला घाटाचं नाव काढलं तरी ओकारी होई.

"खरं सांगू काय कोकिळाबाई? हे रद्द झालं तर मी पेढे वाटीन. पण मले ते चाक उचलते तरी का?" तिनं झारा निथळला. "अन् ज्यायले उचलते त्यायची कंबर गेली."

"कोनाची?"

"तुमच्या भावाची. बुधवारी सांजच्यान् कंबर धरून बसले. मलम चोळून चोळून माह्ये हात भरून आले. म्हणते, न्हाणीत घसरलो. न्हाणी तर कोरडीठक होती."

"त्याच्या आंधी काही झालं होतं?"

"मंगळवारी धुरपताबाई आलती शेजारची. सहज म्हणाली, शनिवारी काऊन निंघता, शनिअमावस्या हाय. झालं! ह्यायनं तिले उभ्याउभ्या भाषण देल्लं. अंधश्रद्धा, विज्ञान, चंद्र, सूर्य, काही म्हणता काही सोडलं नाई. बिचारी साखर मागाले आलती, साखर न घेताच गेली." वहिनीनं आवाज खाली आणला. "अन् रातभर ह्यायच्या डोळ्याले डोळा नाई. कूस बदलू बदलू माहीबी झोप मोडली."

कोकिळाबाई परसात आल्या आणि खांबाला टेकून उभ्या राहिल्या. चाक कोणी नेलं, ते कळलं होतं. पण स्वतःच्या मुलाच्या गाडीचं चाक माणूस स्वतः लपवील कशाला? विकण्याएवढा दादा गरीब नव्हता आणि गंमत करण्याएवढा मोकळाही नव्हता. 'का' ते मात्र काही केल्या उलगडेना, आणि दोन वाजून गेले होते.

४

त्या बाबारावांसमोर जाऊन बसल्या.

"दादा, बुधवारी हवा भरली का?"

"भरली न. म्हणूनच तर गेलतो."

पहिलं खोटं. कोकिळाबाईंनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं.

"पहिला थांबा पुलगाव. हेमराजभाऊकडे चहा. हे कोनं ठरवलं?"

"मीच. जुना मित्र आहे. दारावरून जायचं अन् भेटायचं नाई?"

"कवा ठरवलं?"

"आता ते... बुधवारी ग्रुपवर टाकलं."

कोकिळाबाईंना आतून संताप आला. खोटं बोलण्याचा नव्हे, इतकं भिकार खोटं बोलण्याचा. आयुष्यभर त्यांनी लांब पल्ल्याच्या गाड्या सोडल्या होत्या. लांब जाणारी गाडी सुटल्या सुटल्या पहिल्याच गावात चहाला थांबवणारा ड्रायव्हर त्यांनी पाहिला नव्हता. पाहिला असता तर त्याच्या हातातलं स्टेअरिंग काढून घेतलं असतं. रोहण्याहून निघालं की पुलगाव येईस्तोवर म्हातारीचा पदरही सीटवर नीट बसत नाही. शिवाय सरितावहिनीनं मोठा थर्मास भरून द्यायचा ठराव झालेला. यवतमाळपर्यंत कुठंही न थांबण्याची शिस्त सांगणारा माणूस घरचा चहा सोबत घेऊन पुलगावला चहा प्यायला थांबणार! तिथं चहा नव्हता, तिथं दुसरं काहीतरी होतं.

"मी म्हणते," त्या मुद्दाम सहज म्हणाल्या, "कायले उद्यावर ठेवायचं? आत्ताच पुलगावले जाऊन पाहू. सापडली तर घरीच घेऊन येऊ."

"घरी नको!"

बाबाराव इतक्या जोरात ओरडले की पेपर खाली पडला. मग ते सावरले. "म्हणजे, उगाच फेरा कायले? उद्या जाताजाता घेऊन टाकू."

"अन् अमरवरची तक्रार?"

"कायदा आपलं काम करीन. मी मधात पडत नाई. तत्त्व आहे माह्यं."

कोकिळाबाई उठून बाहेर आल्या. 'घरी नको.' चाक घरी यायला नको, पण वाटेत घ्यायला हवं. असं सामान त्यांनी कुठंतरी पाहिलं होतं. एकदा नव्हे, अनेकदा.

आणि मग त्यांना आर्वीच्या स्टँडवरची आपली केबिन दिसली. तिच्या कोपऱ्यात कायम एखादं बेवारशी गाठोडं असे. कोणीतरी म्हातारा येऊन ठेवून जाई आणि हात जोडून सांगे, "बाई, परवा मुंबईले जायचं हाय. पण परवाचा दिवस खराब, म्हणून आज चांगल्या दिवशी हे ठेवून जातो."

त्या तिथंच, भर उन्हात, मोठ्यानं हसल्या. तानाबाईनं खाटेवरून विचारलं, "काय व, याड लागलं का?"

"मले नाई, माय. पण घरात एक जन हाय."

५

चारला थोडा वेळ होता तेव्हा सगळे ओसरीवर जमले. शकुबाई पायरीवर, अमर गाडीला टेकून, तानाबाई खाटेवर. प्रफुल्लनं पायात बूट चढवून ठेवले होते, ठाण्यात जायला.

"बूट काढ," कोकिळाबाई म्हणाल्या. "स्टेपनी चोरी गेलीच नाई. ती महाडले निंघाली."

त्यांनी अडकित्ता उचलून सुपारी कातरायला घेतली.

"तुमाले प्रस्थान ठेवणं माहीत आहे का? जुने लोक करत. ज्या दिवशी निंघायचं तो दिवस वाईट असला, का त्याच्या आंधीच चांगला दिवस पाहून संगतचं एखादं सामान घराबाहेर नेऊन ठेवायचं. ज्या दिशेनं जायचं त्याच दिशेले, ओळखीच्या घरी. म्हणजे प्रवास त्या चांगल्या दिवशीच सुरू झाला असं धरायचं. मंग अमावस्या असो का काही असो, निंघताना ते सामान वाटेत उचलायचं. नेम एकच. ठेवलेलं सामान घरी परत आणायचं नाई. आणलं, का सगळं मोडलं."

बाबाराव चष्मा पुसू लागले.

"धुरपताबाईनं मंगळवारी शनिअमावस्येचं नाव काढलं. दादानं तिले भाषण देल्लं अन् रातभर जागा राह्यला. बुधवारी गाडी घेऊन एकटाच पुलगावले गेला. हवा भरायले म्हणे, पण हवा भरली नाई. अमरनं सकाळीच पाह्यलं, चाकं जशीच्या तशी. पुलगाव आपल्या वाटेवर, महाडच्या दिशेले. अन् सामान कोनतं न्यावं? कोनाची बॅग नेली तर तो बोंबलनार. गाडीतलं असं काय आहे जे संग येते, पण कोनी पाहतच नाई?"

"स्टेपनी," अमर हळूच म्हणाला.

"स्टेपनी. ती उचलली म्हणून कंबर गेली. साखळी गुंडाळली, कारन गाडी स्वतालेच वापस आणायची होती. मंग ती उचलायले कारन पाह्यजे, म्हणून त्याच दिवशी पुलगावचा चहा प्लॅनिंगमंदी आला. सारं बरोबर बसलं होतं. उद्या चहा पेता पेता स्टेपनी गुपचूप लावली असती, अन् कोनाले पत्ता लागला नसता. एकच गोष्ट हिशेबात नाई धरली. या घरात एक मानूस आपलं काम नीट करते."

"पुरावा आहे का?" बाबाराव उठून उभे राहिले. आवाज सभेतला होता. "मी! मी असल्या थोतांडावर विश्वास ठेवीन? ज्यानं आयुष्यभर प्रबोधन केलं..."

कोकिळाबाईंनी फोनवर आधीच नंबर काढून ठेवला होता. स्पीकर लावला.

"हेमराजभाऊ, मी कोकिळा, बाबारावची बहीण. आमचं चाक आहे न जागेवर?"

"आहे न बाई! देवघराच्या बाजूच्या खोलीत ठेवलं," हेमराजचा आवाज खणखणीत आला. "बाबारावनं बजावलं हाय, कोनी हात लावू नका, शनिवारी आमीच उचलतो म्हणून. तो म्हणे नुसतं ठेव. पण आमच्या घरच्यानं आपली सुपारी ठेवली त्याच्यावर. काही चुकलं तर नाई न?"

"काही नाई चुकलं, भाऊ. तुमच्याकडून तर बिलकूल नाई."

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. पण पाषाणाला निदान घाम फुटत नाही, बाबारावांना फुटला होता.

"माय म्हातारी आहे," ते शेवटी म्हणाले. "लांबचा रस्ता. घाट. काही झालं असतं तर? माह्या मनात पाल चुकचुकली. मी तिच्यासाठी..."

"भेव वाटलं, त्यात काय?" कोकिळाबाई म्हणाल्या. "सकाळी अमरनं सांगतलं तवा म्हणायचं होतं, पंक्चर काढायले देल्लं. पण मंग अमर जाऊन घेऊन आला असता. चाक घरी आलं असतं, तुह्यं प्रस्थान मोडलं असतं. म्हणून तू याले चोर म्हणवलं. पोराची नोकरी गेली तर चालते, पण चाक घरी आलेलं नाई चालत!"

शकुबाई रडली नाही. ती फक्त बाबारावांकडे बघत राहिली, आणि त्यांना ते सहन होईना. त्यांनी आईकडे पाहिलं.

तानाबाई खाटेवरून पाय खाली सोडून बसली होती. "छप्पन साली माह्या बापानं घरातले सारे देव टोपल्यात भरून नदीत सोडले," ती म्हणाली. "मी संग होती, एवढीशी. माह्या बापाचे हात थरथर कापून राह्यले होते. त्याले भेव नाई वाटलं असं तुले वाटते का? लई वाटलं. पण ते त्यानं दुसऱ्याच्या लेकरावर नाई टाकलं."

तिनं काठी उचलून फाटकाकडे दाखवली.

"जाय. चाक घरी आण. अन् गाडीनं नाई. बसनं जाय."

६

"लगेजचं तिकीट काढजो," कोकिळाबाईंनी मागून सांगितलं. "फुकट आणू नको."

संध्याकाळी, उजेड होता तेव्हाच, बाबाराव फाट्यावर बसमधून उतरले. कंडक्टरनं चाक खाली ढकलून दिलं. ते उचलणं कमरेला झेपण्यासारखं नव्हतं, म्हणून बाबाराव ते ढकलत निघाले. चाक सरळ जाईना. चहाच्या टपरीवरचे लोक उठून उभे राहिले. कोणी विचारलं, "सर, काय झालं?" कोणी मदतीला आलं. फाट्यावर वाट बघत थांबलेल्या कोकिळाबाई मागून चालत प्रत्येकाला म्हणत होत्या, "राहू द्या. त्यायचं त्यायले नेऊ द्या."

विहारावरून, धुरपताबाईच्या दारावरून ते चाक गडगडत गेलं आणि घराकडे न वळता गोंडांच्या वस्तीत शिरलं. शकुबाईच्या अंगणात बाबाराव थांबले तेव्हा आजूबाजूच्या चार-सहा घरांतली माणसं बाहेर आली.

"अमरनं चोरी केली नाई," बाबाराव मातीकडे बघत म्हणाले. "चाक मीच नेलतं."

शकुबाईनं सूप खाली ठेवलं. "अमर मांगं आंघोळ करून राह्यला. त्याले ऐकू नाई आलं. थांबा."

बाबाराव थांबले. एका हातानं चाक धरून, दुसऱ्यानं कंबर. बसायला कोणी खाट टाकली नाही. अमर ओल्या केसांनी बाहेर आला तेव्हा त्यांना ते सगळं पुन्हा म्हणावं लागलं, आणि या वेळी त्याच्या तोंडाकडे बघून.

अमरनं चाकावर अंगठा दाबून पाहिला. "हवा भरून लावून देतो," तो म्हणाला. "आजी बसनार हाय. पण गाडी मी चालवत नाई, साहेब. चाक लावलं का तुमच्या अंगणात मी परत येनार नाई."

कोकिळाबाईंनी त्याची समजूत घातली नाही. समजूत घालायची म्हणजे त्यालाच पुन्हा ओझं द्यायचं.

प्रफुल्लनं ठाण्याचं नाव पुन्हा काढलं नाही. माफीही मागितली नाही. ग्रुपवर 'मिसअंडरस्टँडिंग क्लिअर' असं टाकून वर हात जोडलेले लावले. घाटात गाडी चालवायची त्याची छाती नव्हती आणि परका ड्रायव्हर तानाबाईला नको होता. त्यामुळे शनिवारी, अमावस्येला, चारी चाकांत हवा भरलेली आणि स्टेपनी लावलेली गाडी अंगणातच उभी राहिली. सरितावहिनीनं पुऱ्या वस्तीत वाटून टाकल्या.

दुपारी कोकिळाबाई आर्वीला परत जायला निघाल्या. चपला घालताना त्यांना मागच्या परसातून भावाचा दबलेला आवाज ऐकू आला. बाबाराव फोनवर होते.

"...तरी म्हटलं होतं न हेमराज, चाक घरी यायले नको. आलं, अन् पाह्य, निंघनंच झालं नाई. दिवस बाधला तो बाधलाच. पण कोनापाशी बोलू नको."

कोकिळाबाईंना राग आला नाही. राग यायला समोर माणूस लागतो. त्यांना आपल्या सख्ख्या भावाची किळस आली, आणि ती घेऊनच त्या आईच्या खाटेशी गेल्या.

"काय म्हणून राह्यला व तो?" तानाबाईनं विचारलं.

"काही नाई माय. दिवस बाधला म्हणते. अमावस्या होती म्हणून."

तानाबाई म्हणाली, "तू जाताना अमरच्या घरून जाजो. त्याले इथं नको येऊ म्हणा, फाट्यावरून बसवून घेजो मले. पुढच्या अमावस्येले मले महाडले न्यायले तो रिकामा आहे का, तेवढं विचार."